आलेंतेझो पाहताना आधी दरवाजे, मग नकाशा

मी लिस्बनमध्ये राहते. दरवर्षी नात्यातले आणि ओळखीतले लोक येतात, तीन-चार दिवस आलेंतेझोला जातात आणि परत आल्यावर बहुतेकांचं एकच वाक्य असतं: "गाव सुंदर होतं गं, पण जे बघायचं होतं तेच बंद होतं." आलेंतेझो म्हणजे लिस्बनच्या पूर्वेला आणि आग्नेयेला थेट स्पेनच्या सीमेपर्यंत पसरलेला शेतीचा, ऑलिव्हचा आणि बुचाच्या (कॉर्क ओकच्या) झाडांचा प्रदेश. वारसास्थळं भरपूर आहेत, पण ती लहान गावांत विखुरलेली आहेत. त्या गावांची घड्याळं लिस्बनसारखी चालत नाहीत. पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन गेले, तेव्हा एका राजवाड्याच्या बंद दारासमोर आम्ही सोमवारी दुपारी उभे होतो. आई पुन्हा एवढा प्रवास करू शकली नाही. त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. ती इथे क्रमाने लिहिते आहे. टप्प्यांचा क्रम मोडू नका, कारण पुढचा टप्पा मागच्यावर उभा आहे.

टप्पा १: महिना आणि आठवड्याचे वार ठरवा

विमानाचं तिकीट काढण्याआधी करायचं काम हे आहे. मार्चचा उत्तरार्ध ते मे, किंवा सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, एवढाच काळ धरा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या शाळांना सुट्टी नसते, पण परदेशातली मराठी कुटुंबं नेमकी तेव्हाच येतात. विदर्भातला उन्हाळा काढलेल्या माणसालाही मी त्या दिवसांत नको म्हणते. याच प्रदेशातल्या आमारेलेझा गावी ऑगस्ट २००३ मध्ये पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. इथली स्थळं उघड्या माळावर, किल्ल्याच्या तटावर, सावली नसलेल्या टेकडीवर आहेत. शिवाय वणव्याचा धोका वाढला की रानातले रस्ते बंद करतात.

वारांचं गणित असं मांडा. पोर्तुगालमधली बहुतेक संग्रहालयं आणि राजवाडे सोमवारी बंद असतात. लहान गावांतली बरीच उपाहारगृहं रविवारी रात्री आणि सोमवारीही बंद असतात. एस्त्रेमोझचा मोठा बाजार शनिवारी सकाळी भरतो. म्हणून सहलीची सुरुवात मंगळवारी संध्याकाळी आणि शेवट पुढच्या मंगळवारी धरा. सोमवार मधे येतोच, त्याची सोय टप्पा ६ मध्ये केली आहे.

*इशारा:* १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५ डिसेंबर या दिवशी जवळजवळ सगळं बंद असतं. प्रत्येक तालुक्याची स्वतःची एक सुट्टीही असते. एव्होरा या इथल्या मुख्य शहराची २९ जूनला असते. तुमचा मुक्काम जिथे आहे तिथली सुट्टी कोणत्या तारखेला येते ते आधी विचारा.

टप्पा २: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करायचा असतो. १५ दिवस ही कायद्याची किमान मर्यादा आहे, तिच्यावर विसंबू नका, दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

इथे वारंवार होणारी चूक: "स्पेन-पोर्तुगाल" अशी जोडसहल करायची आणि अर्ज मनाला येईल त्या देशाकडे करायचा. ज्या देशात जास्त रात्री राहणार, अर्ज त्या देशाकडे. रात्री समान असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे.

गाडी चालवणार असाल तर भारतातून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. परदेशात पोहोचल्यावर तो निघत नाही. दरवर्षी कुणीतरी मला विमानतळावरून फोन करून "आता काय करू?" विचारतं, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

टप्पा ३: गाडी की बस, आधी नक्की करा

लिस्बन ते एव्होरा सुमारे १३० किलोमीटर आहे. रेल्वे आणि बस दोन्ही जातात, साधारण दीड तास लागतो. फक्त एव्होरा पाहायचं असेल तर गाडी घेऊच नका. जुनं शहर तटाच्या आत आहे, पायी फिरण्याजोगं आहे आणि आतल्या गल्ल्यांत गाडी म्हणजे त्रासच.

पण मॉन्साराझ आणि मार्व्हाँव ही गावं, अश्मयुगीन दगडी वर्तुळं, यांतलं काहीही पाहायचं असेल तर गाडी लागते. खेड्यांना बस आहेत, पण त्या शाळेच्या आणि बाजाराच्या वेळा धरून धावतात. शनिवार-रविवारी तर फारच कमी. "बसने जाऊ, परतीचं बघू" असं आपल्या एसटीच्या भरवशावर ठरवणारे लोक संध्याकाळी अडकतात, आणि खेड्यात टॅक्सी हात दाखवून मिळत नाही.

गाडी चालवणारं कुणी नसेल तर एव्होरात राहून स्थानिक वाटाड्याबरोबर अर्ध्या दिवसाच्या सहली करा. त्यात वर्तुळं आणि मॉन्साराझ नक्की होतं.

टप्पा ४: उघड-बंदचा तक्ता

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात. एक वही घ्या किंवा फोनवर तक्ता करा. प्रत्येक स्थळासमोर पाच रकाने: बंद वार, उघडण्याची वेळ, दुपारची सुट्टी, बंद होण्याची वेळ, आणि आत जाण्याची पद्धत (स्वतः फिरायचं, ठरलेल्या वेळी वाटाड्याबरोबर, की कुणाकडून चावी आणून).

दुपारच्या सुट्टीचा रकाना विसरू नका. लहान संग्रहालयं आणि चर्च साधारण साडेबारा-एकला बंद होतात आणि दोन-अडीचला पुन्हा उघडतात. बाराला गावात पोहोचणारा माणूस दोन तास बंद दाराकडे बघत बसतो. शिवाय उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं वेगळी असतात, आणि शेवटचा प्रवेश बहुधा बंद होण्याच्या अर्धा तास आधी थांबतो.

वेळा कुठून घ्यायच्या? नकाशाच्या ॲपवरून नव्हे, निदान फक्त तिथून तरी नव्हे. त्या तालुक्याच्या नगरपालिकेचं संकेतस्थळ बघा, आणि आदल्या दिवशी गावातल्या पर्यटन कार्यालयाला फोन करा. पाटीवर 'तुरिझमो' असं लिहिलेलं असतं. तिथली माणसं बहुतेकदा इंग्रजी बोलतात.

आता वारांची गंमत नीट समजून घ्या. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे 'सेगुंदा', अर्थ दुसरा. मंगळवार 'तेर्सा', तिसरा. बुधवार 'क्वार्ता', गुरुवार 'किंता', शुक्रवार 'सेश्ता'. मोजणी रविवारपासून होते. पाटीवर नुसता २ चा आकडा आणि त्याला टेकून बारीक अक्षर असतं. आपण सोमवारपासून मोजतो, म्हणून '२' म्हणजे मंगळवार समजतो आणि सोमवारी जाऊन उभे राहतो. ही चूक शिकल्या-सवरल्या लोकांकडून मी पाहिली आहे.

*तपासा:* तक्त्यात एकाही स्थळासमोर रिकामा रकाना आहे का? असेल तर ते स्थळ 'झालं तर झालं' या यादीत टाका. त्याच्यासाठी वेगळा दिवस राखू नका.

टप्पा ५: गाडी ताब्यात घेताना आणि रस्त्यावर

इथे भाड्याच्या बहुतेक गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी तर आरक्षण करतानाच सांगा. अनामत रक्कम चालकाच्या नावच्या क्रेडिट कार्डावरच अडवून ठेवतात. नवऱ्याचा परवाना आणि बायकोचं कार्ड, असं चालत नाही. विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग धरला आहे का ते वाचून सही करा, कारण तुम्ही कच्च्या रस्त्यावर जाणार आहात. गाडीत परावर्तक जॅकेट आणि त्रिकोण आहे ना हेही बघा, कायद्याने ते लागतं.

गाडी उजव्या बाजूने चालते. पहिला दिवस अवघड जातो तो चौकांत. वर्तुळाकार चौकात नियम असा की पहिल्याच फाट्याने बाहेर पडायचं असेल तरच बाहेरची लेन धरायची, नाहीतर आतली. वेगमर्यादा गावात ५०, खेड्यातल्या रस्त्यांवर ९०, महामार्गावर १२०.

टोलनाक्यावर हिरव्या पाटीची, पांढऱ्या अक्षराची लेन यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. गाडीला ते यंत्र आहे आणि चालू आहे हे भाड्याच्या काउंटरवर विचारून घ्या. नसेल तर तिकिटाच्या लेनमधूनच जा.

पेट्रोल पंपावर थांबा आणि दोनदा वाचा: 'गाझोलिना' म्हणजे पेट्रोल, 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल. शब्द जवळजवळ सारखे, आणि पंपावर बहुधा स्वतःच भरायचं असतं. खेड्यातले पंप रात्री बंद होतात, म्हणून टाकी अर्धी झाली की भरा.

*इशारा:* एल्व्हास, मार्व्हाँव, मॉन्साराझ ही गावं स्पेनच्या सीमेला लागून आहेत. फोन कधीकधी पलीकडचा मनोरा पकडतो आणि घड्याळ आपोआप एक तास पुढे सरकतं. पोर्तुगालची वेळ स्पेनपेक्षा एक तास मागे आहे. या गावांत शिरण्याआधी फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा किंवा मनगटी घड्याळ वापरा. एक कुटुंब फोनच्या भरवशावर तासभर आधी जाऊन बसलं होतं, तेवढ्यावर निभावलं. परत येताना घड्याळ पलीकडचंच राहिलं तर पुढचा हिशेबही बिघडतो.

टप्पा ६: दिवसांचा क्रम

मी जो क्रम लोकांना देते तो अंतरावर बांधलेला नाही. तीन गोष्टी बघते: उघड्यावरचं स्थळ तिरप्या उन्हात, दार असलेलं स्थळ दार उघडताक्षणी, आणि दुपारची वेळ जेवणाला.

*बुधवार, एव्होरा.* सकाळी नऊला साऊं फ्रान्सिस्कू चर्चला लागून असलेलं हाडांचं चॅपल. लिस्बनहून येणारे बसचे घोळके साडेदहा-अकराला पोहोचतात. त्यानंतर आत श्वास घ्यायला जागा नसते आणि बोलण्याचा गलका त्या जागेला शोभत नाही. भिंती खऱ्या मानवी हाडांनी आणि कवट्यांनी रचलेल्या आहेत. दारावरच्या ओळीचा अर्थ: आम्ही हाडं इथे आहोत, तुमच्या हाडांची वाट पाहतो. लहान मुलं बरोबर असतील तर आत जाण्याआधी त्यांना समजावून सांगा.

तिथून कॅथेड्रल, म्हणजे 'से'. तिकिटं वेगवेगळ्या भागांची असतात. गच्चीचं तिकीट मागून घ्या, कारण शहराची रचना वरूनच कळते. दुपारी जेवण. मग दोन-अडीचनंतर रोमन मंदिराशेजारचं संग्रहालय. रोमन मंदिर उघड्यावर आहे, तिकीट नाही, त्यामुळे ते संध्याकाळी. खांब ग्रॅनाइटचे, पण त्यांची बैठक आणि माथा संगमरवरी आहे, आणि हा फरक तिरप्या उन्हात लख्ख दिसतो. 'डायनाचं मंदिर' हे नाव प्रचलित असलं तरी ते डायनाचंच होतं याला पुरावा नाही, म्हणून फोटोखाली तसं लिहू नका.

याच चौकाला लागून एव्होराचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. कोकणी-मराठीच्या अभ्यासकांना एक नाव ठाऊक असेल: कुन्या रिव्हारा. ते आधी या ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. १८५५ मध्ये गोवा सरकारचे मुख्य सचिव म्हणून ते गोव्यात आले आणि कोकणीच्या बाजूने ठामपणे लिहिलं. हस्तलिखितं पाहायची असतील तर पर्यटक म्हणून आत शिरून भागत नाही, आधी पत्र लिहून काय पाहायचं ते कळवावं लागतं.

*गुरुवार, आल्मेंद्रेस आणि आराइओलोस.* एव्होराच्या पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर ग्वादालूपे गाव आहे. तिथून पुढे कच्चा रस्ता आणि शेवटी बुचाच्या झाडांमधलं आल्मेंद्रेसचं दगडी वर्तुळ, जवळजवळ ९५ उभे दगड. दार नाही, तिकीट नाही, पहारेकरी नाही. म्हणून लोक ते 'कधीही जाता येईल' म्हणत दुपारी ठेवतात. तसं करू नका. दगड पूर्वेकडे उतरणाऱ्या उतारावर आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात काही दगडांवरच्या कोरीव रेषा उमटतात, दुपारी बाराला त्याच दगडांवर बोट ठेवूनही काही दिसत नाही. म्हणजे बोट ठेवायचंच नाही, पण मुद्दा लक्षात आला असेल.

वाटेत एक एकटा उभा दगड आहे, जवळजवळ चार मीटर उंच, मुख्य वर्तुळापासून दूर. गाडी सरळ वर्तुळाकडे नेणारे तो चुकवतात. थोडी पायवाट आहे, आधी तिकडे जा.

बुचाच्या झाडांच्या सोललेल्या बुंध्यांवर पांढरा आकडा दिसेल. ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा तो शेवटचा अंक. साल नऊ वर्षांनी पुन्हा काढतात. झाडाला हात लावू नका, सालीचे तुकडे खिशात घालू नका. ते कुणाचं तरी पीक आहे.

पाऊस झालेला असेल तर हा रस्ता चिखलाचा होतो. गाडी गावातच ठेवा आणि चालत जा, किंवा दिवस बदला. गाडी रुतली तर विमा मदतीला येत नाही.

दुपारनंतर आराइओलोस: गोल तटबंदीचा किल्ला आणि हाताने भरतकाम केलेल्या गालिच्यांचं गाव. कुन्या रिव्हारांचा जन्म इथलाच, १८०९ चा. गालिचा विकत घ्यायचा तर कुठल्या दुकानात भरतकाम समोर चालू आहे ते बघून घ्या.

*शुक्रवार, मॉन्साराझ.* एव्होराहून सुमारे ५० किलोमीटर. गाडी वेशीबाहेरच ठेवायची. गल्ल्या पाटीच्या दगडाच्या आहेत, पावसात आणि दवात घसरड्या होतात, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. इथे मी दुपारी तीनच्या पुढे पोहोचायला सांगते: तेव्हा दारं पुन्हा उघडलेली असतात आणि सहलीच्या बस परतायला लागतात. किल्ल्याच्या बुरुजावर सूर्यास्तापर्यंत थांबा. पूर्वेला आल्केव्हा धरणाचं पाणी दिसतं. बुरुजांच्या पायऱ्यांना कठडे नाहीत, अंधार पडायच्या आत उतरा.

*शनिवार, एस्त्रेमोझ आणि व्हिला व्हिसोझा.* सकाळी दहाच्या आत एस्त्रेमोझच्या मोठ्या चौकात. एकीकडे भाजीपाला, चीज, कोंबड्या, दुसरीकडे जुन्या वस्तू. एक वाजेपर्यंत आवराआवर सुरू होते. इथल्या मातीच्या रंगीत बाहुल्या २०१७ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. बाजारात घ्यायच्या आधी वरच्या गावातल्या संग्रहालयात जुन्या बघून घ्या, म्हणजे हातातली बाहुली कारागिराची आहे की साच्यातली ते कळेल. खाली येऊन मग खरेदी.

दुपारी १८ किलोमीटरवर व्हिला व्हिसोझाचा ड्यूकचा राजवाडा. इथे स्वतः फिरता येत नाही, ठरलेल्या वेळच्या गटाबरोबरच आत सोडतात. पोहोचल्यावर आधी तिकीट, मग जेवण, मग चौक. लोक उलट करतात आणि शेवटचा गट निघून जातो. मुक्कामाला एल्व्हास.

*रविवार, एल्व्हास.* सकाळी थंड असताना शहराच्या उत्तरेच्या टेकडीवरचा ग्रासा किल्ला. सावली नाही, पाणी बरोबर न्या. उतरल्यावर आमोरेइरा जलवाहिनीच्या कमानी आणि शहराचा तट, दोन्ही उघड्यावर. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा कॅमेरा घेऊन आत जाऊ नका. प्रार्थना संपेपर्यंत बाहेर थांबायला कुणाची हरकत नसते. दुपारी पोर्तालेग्रेमार्गे मार्व्हाँवला निघा, सुमारे ८० किलोमीटर. रविवार रात्र आणि सोमवारचं खाणं एल्व्हासमधूनच घेऊन ठेवा.

*सोमवार, मार्व्हाँव आणि कास्तेलो दि व्हीद.* बंद वारासाठी ही दोन गावं मी मुद्दाम राखून ठेवते, कारण इथलं खरं पाहणं गल्ल्यांत आणि तटावर आहे. मार्व्हाँव साडेआठशे मीटर उंचीच्या कड्यावर आहे. तटावरून चालता येतं, पण पलीकडे थेट दरी आणि कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका, वारा जोरात असेल तर वर चढूच नका.

कास्तेलो दि व्हीद दहा-बारा किलोमीटरवर. इथल्या ज्यू वस्तीतले उतरते बोळ आणि टोकदार कमानींची दगडी दारं सावकाश बघा, चौकटीच्या उजव्या कडेला कोरलेल्या खुणांकडे लक्ष द्या. हे गार्सिया दि ओर्ताचं जन्मगाव. पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे तोच हा वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि एके काळी मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. मराठी माणसाने इथे अर्धा दिवस तरी द्यावा असं मला मनापासून वाटतं. ज्यू प्रार्थनास्थळाचं छोटं संग्रहालय आहे, ते सोमवारी उघडं असेलच असं धरू नका. तुमच्या तक्त्यात बंद दिसलं तर मंगळवारी सकाळी ते बघूनच लिस्बनची वाट धरा.

दोन दिवस जास्त असतील तर दक्षिणेला मेर्तोला. तिथलं मुख्य चर्च पूर्वी मशीद होतं, आत मिहराबाचा कोनाडा आजही दिसतो. संग्रहालय एका इमारतीत नाही, गावभर वेगवेगळ्या जागी आहे, म्हणून आधी एकत्रित तिकीट घ्या. जाता-येता व्हिदिगेइरा लागलं तर एवढं लक्षात ठेवा: वास्को द गामा तिथला काउंट होता, पण त्याचे अवशेष १८८० मध्ये लिस्बनला हलवले. कबर शोधत फिरू नका.

टप्पा ७: कुलूपबंद चॅपल आणि चावी

खेड्यापाड्यांतली बरीच चॅपलं वर्षभर कुलूपबंद असतात आणि भित्तिचित्रं, निळ्या फरशा बहुधा तिथेच असतात. चावी शेजारच्या घरात, कॅफेत किंवा ग्रामकार्यालयात असते. मागायला आपल्याला शब्द शोधावा लागत नाही: चावी हा मराठी शब्द पोर्तुगीज 'शाव्ह'वरूनच आलेला आहे, आणि गोव्यात जिला इगर्ज म्हणतात ती इथली 'इग्रेझा'.

क्रम असा ठेवा:

१. आधी कॅफेत जा, कॉफी घ्या, 'बोम दिआ' म्हणा. दुपारनंतर 'बोआ तार्द'. नमस्कार न करता काम सांगणं इथे उद्धटपणा समजतात.
२. मग विचारा: 'केंय तेंय आ शाव्ह दा इग्रेझा?' म्हणजे चर्चची चावी कुणाकडे आहे?
३. जेवणाच्या वेळी, साडेबारा ते अडीच, कुणाचं दार वाजवू नका. चावी सांभाळणारी बहुधा वयस्कर बाई असते.
४. ती सोबत येते. तिच्या आधी आत शिरू नका, फ्लॅश मारू नका, टोपी काढा.
५. पैसे तिच्या हातात कोंबू नका. चर्चमधल्या पेटीत टाका. निघताना पुरुषाने 'ओब्रिगादो', बाईने 'ओब्रिगादा' म्हणायचं.

चॅपल शेतात असेल तर वाटेतलं फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं तर उघडं. गुरं असतात. शरद ऋतूपासून हिवाळाभर शिकारीचा हंगाम असतो आणि ती प्रामुख्याने गुरुवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला चालते. त्या दिवसांत बंदुकीचे आवाज आले तर आडवाटेने जाऊ नका, मुख्य वाटेवरून परत फिरा. अडचणीत ११२ हा क्रमांक.

टप्पा ८: जेवण, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

आलेंतेझोचा स्वयंपाक डुकराच्या मांसावर आणि पावावर उभा आहे. 'भाजीचं सूप' म्हणून आलेल्या वाटीत सॉसेजचा तुकडा किंवा मांसाचा रस्सा असतो. 'मांस नाही' एवढं सांगून पुरत नाही, कारण मग मासे येतात. तिन्ही गोष्टी सांगा: 'सेंय कार्न, सेंय पेइश, सेंय काल्दु दि कार्न', म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचा रस्साही नको.

आसोर्दा हे पाव, लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्ह तेलाचं पातळसर पक्वान्न आपल्या जिभेला लगेच पटतं. त्यात अंडं असतं आणि कधी बाकल्याव मासा, तेवढं विचारा. सेर्पा आणि एव्होराचं मेंढीच्या दुधाचं चीज काटेरी रानफुलाच्या अर्काने विरजतात, त्यामुळे प्राण्यांचं रेनेट (जठरातून काढलेलं विरजण) न खाणाऱ्यांनाही चालतं. गोड पदार्थांत अंड्याचे बलक भरपूर, आणि काहींत डुकराची चरबीही असते. 'तेंय बान्या?' असं विचारून घ्या.

बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, पैसे लागत नाहीत.

टप्पा ९: गाणं ऐकायचं असेल तर

कांत आलेंतेजानो हे इथलं वाद्यांशिवायचं समूहगान, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत. एक आवाज कडवं सुरू करतो, दुसरा वरच्या पट्टीत ते उचलतो आणि मग सगळे मिळून संथपणे गातात. तिकीट काढून मोठ्या सभागृहात ऐकण्यापेक्षा सेर्पा किंवा कुबा गावातल्या मंडळाचा सराव ऐका. सरावाचा वार ठरलेला असतो, तो पर्यटन कार्यालयाला आधीच विचारून टप्पा ४ च्या तक्त्यात लिहून ठेवा. ही दोन्ही गावं वरच्या क्रमात बसत नाहीत, मेर्तोलाच्या फाट्याला जोडा.

आत गेल्यावर मागे बसा. मध्येच टाळ्या वाजवू नका, कडव्यांमधली शांतता गाण्याचाच भाग असते. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर सुरू होण्याआधी विचारा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी एका कडव्याला होकार दिला आणि उरलेलं नुसतं ऐकायला सांगितलं.